उजवा पाय

डाग मी पहिल्यांदा आंघोळ करताना पाहिला. उजव्या पायाच्या वरच्या बाजूला, चपलेच्या पट्ट्याच्या थोडा मागे, आठ आण्याच्या नाण्याएवढा, बाकीच्या कातडीपेक्षा फिका. आमचे पाय उन्हानं काळे पडलेले, त्यात तो उठून दिसत होता. पट्टा घासला असेल म्हणून मी सोडून दिलं. चार दिवसांनी चहाचं पातेलं उतरवताना पायावर गरम पाणी सांडलं, बोटं पोळली आणि मी मोठ्यानं ओरडलो. बोटांवर फुंकर घालताना लक्षात आलं की पाणी डागावरही पडलं होतं, आणि तिथं मला काहीच झालं नव्हतं.

दुसऱ्या कुणाला याचा अर्थ कळला नसता. मला कळला, कारण गेलं वर्षभर दर रविवारी दुपारी मी महारोग्यांच्या वस्तीत जात होतो.

ही ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो, एका कारखान्यात लेथवर काम करत होतो. अंधेरीच्या पूर्वेला, कारखान्यांच्या भिंतींमागे दडलेलं आमचं गावठाण. कौलारू घरं, मधे दगडी क्रूस आणि टोकाला देऊळ. आम्ही मराठी बोलणारे किरिस्ताव, चर्चला देऊळच म्हणतो. कामावर मी ‘देवळात जाऊन येतो’ म्हटलं की लोक विचारायचे कुठल्या, आणि मग माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे बघून गोंधळून गप्प व्हायचे. वडील चार वर्षांपूर्वी गेले होते. घरात आई, धाकटी बहीण आणि मी. बहिणीचं लग्न ठरलं होतं, मे महिन्यात.

देवळातल्या आम्हा सात-आठ तरुणांचा एक गट होता. मुलुंडच्या बाजूला टेकडीखाली एक वस्ती होती, तिथं जाऊन आम्ही जखमा धुवायचो, पट्ट्या बांधायचो, नखं कापायचो, कुणाचं पत्र आलं असेल तर वाचून दाखवायचो. मी फार दयाळू होतो म्हणून जात होतो असं नाही. खरं सांगायचं तर मला ते केलेलं आवडायचं कारण लोक बोलायचे. रविवारी देवळातली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, संपल्यावर बायका आईला थांबवून म्हणायच्या, ‘तुमचा पोरगा तिकडे जातो ना?’ आणि आई मान खाली घालून हो म्हणायची, जणू काही विशेष नाही. ती मान खाली घालणं मला फार आवडायचं. शिवाय मनात कुठेतरी असंही होतं की चांगलं काम करणाऱ्याकडे देव लक्ष ठेवतो, त्याचं वाईट होऊ देत नाही.

त्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याची नखं मी कापायचो. रोगाची सुरुवात कशी झाली, हे त्यानं मला एकदा सांगितलं होतं. विडी संपत आली, बोटापर्यंत जळत आली, वास आला तेव्हा त्यानं खाली पाहिलं. ‘कळलाच नाय रे,’ तो म्हणाला होता. तेव्हा मी ‘अरेरे’ म्हटलं होतं आणि पुढचं नख कापलं होतं.

आता मी मोरीचं दार लावून आईच्या साडीची पिन त्या डागात टोचून बघत होतो. कडेला टोचली की दुखायचं. आत टोचली की नाही. मी डोळे मिटून टोचायचो, म्हणजे मन फसवणार नाही. तरी तेच. एकदा मेणबत्तीचं मेण पाडलं. ते पांढरं होऊन थिजलं, मी नखानं काढलं, आणि मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिलो. बाहेरून आई विचारत होती, इतका वेळ काय करतोस. मी बॉलपेननं डागाच्या कडेनं रेघ ओढली, वाढतो का ते कळावं म्हणून. दर दोन दिवसांनी रेघ पुसट व्हायची आणि मी पुन्हा ओढायचो. दोन आठवड्यांत तो रेघेच्या बाहेर गेला नाही. पण आतही आला नाही.

डॉक्टरकडे का गेलो नाही, असं आज कुणीही विचारेल. गेलो असतो तर नाव लिहिलं गेलं असतं, पत्ता लिहिला गेला असता, आणि मला वाटत होतं की एकदा कागदावर आलं की ते खरं होईल. माझी नोकरी गेली असती ती गेली असती. पण बहिणीचं लग्न मोडलं असतं. महारोग्याच्या घरची मुलगी कोण करणार? मी रात्रंदिवस हाच विचार करत होतो. उन्हाळा तोंडावर आलेला, सगळा गाव चपला घालून फिरतोय, आणि मी मोजे घालून. आई अंगणात चटयांवर मिरच्या वाळत घालत होती, वर्षभराच्या मसाल्यासाठी. तिनं माझ्या पायांकडे बघून विचारलं, ‘तुना थंडी वाजते काय?’ मी म्हटलं, कारखान्यात लोखंडाचा कीस उडतो.

वस्तीत जाणं मी बंद केलं. ओव्हरटाइम आहे म्हणून सांगितलं. पहिल्या रविवारी गटातला एक मित्र बोलवायला आला, दुसऱ्या रविवारी आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि स्वतःची किळसही आली. देवावर तर मी असा चिडलो होतो की प्रार्थना म्हणताना ओठ हलायचे, आत काही नसायचं. तुझंच काम करायला गेलो होतो ना मी?

ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ चालू होता. शुक्रवारी संध्याकाळी देवळात क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणाच्या वाटेची प्रार्थना, झाली की फादर पंधरा-वीस मिनिटं शिकवायचे. मूळचे वसईचे, साठीच्या पुढचे, अंगानं भारी, गुडघे गेलेले. देवळामागच्या जागेत त्यांनी केळी लावल्या होत्या आणि शिकवता शिकवता ते हमखास केळींवर यायचे. त्या वर्षी त्यांनी विषय घेतला होता की येशू खरा देव, मग त्यानं लोकांची साधी कामं का केली. भाकरी वाढली, आजाऱ्याला उठवलं, पाय धुतले. आणि आपण जी चांगली कामं करतो त्यांचा त्याच्याशी काय संबंध. ‘तुम्ही चांगलं काम केलं म्हणून देव प्रेम करतो, असं नाही,’ ते म्हणाले. ‘प्रेम तो आधीच करून बसलाय. आता तुमचं काय ते तुम्ही बघा.’

मी हात वर केला. मी कधी प्रश्न विचारत नसे.

‘फादर, येशूनं महारोग्याला हात लावला.’

‘हो.’

‘पण तो देव होता. त्याला रोग लागणारच नव्हता. मग त्यात मोठं काय? आपण हात लावला तर आपल्याला भीती. त्याला कसली?’

शेजारी बसलेल्या मित्रानं कोपर मारलं. ‘काय डोकं खातो यार. घरी जायचंय.’

‘तो देव होता हे खरं,’ फादर म्हणाले. ‘पण हात माणसाचाच होता ना रे. कातडी, नखं, सगळं. अर्धा देव आणि अर्धा माणूस नाही. पूर्ण देव आणि पूर्ण माणूस.’

‘मग तो घाबरला असेल?’

‘मरायच्या आदल्या रात्री बागेत घाबरला, घाम फुटला, ते लिहिलेलं आहे. महारोग्यापुढे घाबरला की नाही ते लिहिलेलं नाही. मला माहीत नाही.’

मला राग आला. ज्यांना माहीत असायला हवं तेच माहीत नाही म्हणाले तर आम्ही कुणाकडे जायचं? फादरांनी दोन्ही बाजू घेऊन मला मधेच लटकत ठेवलं असं मला वाटलं. मोज्यातला पाय मी बाकाखाली ओढून घेतला.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी बारा जणांची यादी वाचली गेली. पवित्र गुरुवारी येशूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून दरवर्षी गावातल्या बारा पुरुषांना वेदीपुढे बसवतात आणि फादर त्यांचे पाय धुतात, पुसतात आणि पायाचं चुंबन घेतात. बारांत नाव येणं हा मान असतो. गंमत अशी की पाय धुवून घ्यायला जायचं म्हणून प्रत्येकजण आठवडाभर आधीपासून घरी पाय धूत असतो. वजरीनं टाचा घासतात, नखं कापतात, भेगांत व्हॅसलिन भरतात. आमचे वडील दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा आईनं त्यांचे पाय घासून लाल केले होते. माझं नाव नववं वाचलं गेलं. आई पुढच्या बाकावरून मागे वळून बघत होती.

घरी मी म्हटलं, मला नाही बसायचं.

‘का?’

‘असंच.’

‘तुजा बापूस बसलेला. आता तुजी पाळी,’ आई म्हणाली. ‘देवाच्या कामाला नाय बोलू नको. मना लाज आणू नको.’

तिला काय सांगणार? तिनं त्याच संध्याकाळी वजरी काढून माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, माझं मी करतो.

आमच्याकडे फक्त उजवा पाय धुतात. डाव्याला कोणी हात लावत नाही. डाग उजव्यावर होता, आणि नेमका वरच्या बाजूला, जिथं फादर ओठ टेकवतात तिथं. ते ओठ त्या डागावर टेकलेले मला झोपेतही दिसायला लागले. लोकांना डाग दिसेल ही एक भीती. फादरांना माझ्यामुळे रोग लागेल ही दुसरी. कधी पहिली मोठी वाटायची, कधी दुसरी, आणि दुसरी मोठी वाटली की मी चांगला माणूस आहे असं मला जरा वेळ वाटायचं.

बुधवारी संध्याकाळी मी कुमसाराला गेलो, म्हणजे फादरांपुढे पापं सांगायला. मला ती युक्ती वाटली होती. कुमसारात सांगितलेलं फादर कुणालाही सांगत नाहीत, जीव गेला तरी नाही, हे आम्हाला लहानपणापासून पाठ असतं. मी विचार केला, तिथं सांगितलं की फादर गुपचूप यादीतून माझं नाव काढतील, दुसऱ्या कुणाला बसवतील, कुणाला काही कळणार नाही. लाकडी जाळीपुढे गुडघे टेकून मी आधी खोटं बोलल्याचं सांगितलं, मग वस्तीत जाणं सोडल्याचं, आणि मग सगळं. डाग, पिन, मेण, बॉलपेन. जाळीपलीकडे फक्त श्वास ऐकू येत होता.

‘मला बारांतून काढा, फादर,’ मी म्हटलं.

फादर म्हणाले, ‘खोटं बोललास तेवढं पाप. बाकीचं पाप नाही. भीती पाप नाही.’

‘पण उद्या…’

‘उद्या सकाळी सातला मी केळींना पाणी घालत असतो. तिथं ये. मला भेट. काय?’

मी हो म्हटलं. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगितली आणि क्षमा दिली. बाहेर आलो तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता. सकाळी मी केळींकडे गेलो नाही. काय जायचं? सगळं सांगून झालं होतं. मला वाटलं, ते मला धीर द्यायला बोलावतायत, आणि मला धीर नको होता, नाव काढून हवं होतं. मी कामावर गेलो.

दुपारी चारला घरी आलो तर देवळाची चावी सांभाळणारा म्हातारा दारात उभा. ‘साडेपाचला मागच्या खोलीत ये. सफेद शर्ट घाल,’ आणि बोटं मोजत पुढच्या घरी गेला.

मागच्या खोलीत फादर झगा चढवत होते. बाकीचे अकराजण पांढऱ्या शर्टात, साबणाचा नि व्हॅसलिनचा वास मारत, लग्नाच्या वऱ्हाडासारखे उभे. मी फादरांजवळ जाऊन हळूच म्हटलं, ‘फादर, काल मी तुम्हाला सांगितलं ना…’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी कोरडे. ‘काल काय?’ ते म्हणाले. ‘मला काही माहीत नाही.’

मला वाटलं, फादर विसरले. मग वाटलं, खोटं बोलतायत. आणि मग, त्या खोलीत उभं असताना, धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेलं उरलेलं अर्धं मला आठवलं. कुमसारात ऐकलेलं फादर कुणाला सांगू तर शकत नाहीतच, पण स्वतःसुद्धा वापरू शकत नाहीत. त्यावरून कुणाला काढू शकत नाहीत, टाळू शकत नाहीत, जास्त जपू शकत नाहीत. कानावर पडलंच नाही असं वागायचं. म्हणून ते मला केळींकडे बोलावत होते. बाहेर, उघड्यावर, एकदा पुन्हा सांग, म्हणजे मला काही करता येईल. आणि मी शहाणपणानं त्यांचे हात बांधून ठेवले होते. गावठाणात दुसरा कोणी असा मूर्ख निघाला नसता.

आताही सांगता आलं असतं. एक वाक्य. पण अकराजण ऐकत होते. मी तोंड मिटलं.

वेदीपुढे बारा खुर्च्या. माझी नववी. देऊळ खच्चून भरलेलं, ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. दुसऱ्या बाकावर आई आणि बहीण. आम्ही सगळ्यांनी उजवा बूट नि मोजा काढून खुर्चीखाली ठेवला. मी पाय खुर्चीच्या मागे दुमडला. बायबलातलं शुभवर्तमान वाचून झालं, फादरांनी वरचा झगा काढला, कमरेला टॉवेल बांधला, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर पहिल्या माणसापुढे बसले. चावीवाला म्हातारा तांब्या नि घंगाळ घेऊन मागे. धुवायचं, पुसायचं, ओठ टेकवायचे, उठायचं, पुढे सरकायचं. दर वेळी उठताना त्यांच्या तोंडून आवाज निघत होता. तिसऱ्या माणसानं घाबरून बुटातला डावा पाय पुढे केला तेव्हा फादर हळूच म्हणाले, ‘उजवा.’ त्यानं बदलला. लोक हसले.

मला पळून जावंसं वाटत होतं. चक्कर आली म्हणून खाली पडावं असंही वाटलं. पाचवा झाला, सहावा झाला. मी हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. मनातल्या मनात मी येशूच्या शिष्याची, पेत्राची, बाजू घेत होतो. त्यानंही म्हटलं होतं की माझे पाय धुऊ नकोस. सगळे त्याला हट्टी म्हणतात. मला त्या दिवशी तो एकटाच शहाणा वाटला.

फादर माझ्यापुढे बसले. मी डावा पाय पुढे केला.

‘उजवा,’ ते म्हणाले. तिसऱ्या माणसाला म्हणाले होते तसंच, तेवढ्याच आवाजात.

मी उजवा पुढे केला. किती घासलं तरी बॉलपेनची निळी रेघ पुसट राहिलीच होती. पाणी ओतलं. बोटांना गार लागलं, टाचेला लागलं, मधे काही लागलं नाही. त्यांनी पाय पुसला, बोटांच्या मधूनही. माझी टाच त्यांच्या तळहातावर होती आणि टाचेला सगळं कळत होतं. तो हात थरथरत होता. आधी मला वाटलं माझाच पाय आहे. मग मी पाय दाबून स्थिर धरला, तरी तो थरथरतच होता. फादर घाबरले होते. त्यांनी मान खाली घातली, दुसऱ्यांच्या पायावर जिथं ओठ टेकवले होते तिथंच माझ्या पायावर टेकवले, ना इकडे ना तिकडे. ओठ टेकले ते मला दिसलं. कळलं नाही.

ते उठले, आवाज करत, आणि दहाव्याकडे गेले.

मला रडू फुटलं. लोकांना वाटलं भक्तीनं. आईलाही तसंच वाटलं असणार, कारण तिनं पदर डोळ्यांना लावला. मी रडत होतो ते लाजेनं. माझा रोग माहीत असलेला एक माणूस माझ्यापुढे गुडघ्यावर बसला होता, त्याला पळता येत नव्हतं, आणि ते मी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. सकाळी सातला मी केळींकडे गेलो. फादर पाईप धरून उभे होते. मी उभ्या उभ्या सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, डाग, पिन, मेण, काहीही न गाळता. त्यांनी एकदाही ‘हे तू सांगितलंयस’ असं दाखवलं नाही. संपल्यावर त्यांनी पाईप जमिनीवर टाकला आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसले.

‘आता सांगितलंस,’ ते म्हणाले. ‘आता मला कळलं. मोजा काढ, बघू.’

त्यांनी डाग पाहिला, हात लावला नाही. सोमवारी मी तुझ्याबरोबर येतो, म्हणाले. तोवर कुणाला काही बोलू नको, आणि पिना टोचू नको.

कुर्ल्याच्या बाजूला कातडीच्या रोगांचा एक दवाखाना होता. फादर झगा न घालता शर्ट-पँटमध्ये आले होते, म्हणजे गावातलं कोणी बसमध्ये भेटलं तर प्रश्न नको. त्या कपड्यांत ते निवृत्त हेडक्लार्क दिसत होते. केसपेपर करणाऱ्या माणसानं विचारलं, ‘सोबत कोण?’

‘फादर,’ मी म्हटलं.

त्यानं लिहिलं, वडील. मी फादरांकडे पाहिलं. ते छताकडच्या पंख्याकडे बघत होते.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, घाईत, तोंडानं फटकळ. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि कापसाचा धागा जिथं लागेल तिथं बोट ठेवायला सांगितलं. मी ठेवत गेलो. हात, मांडी, पोटरी. मग बराच वेळ काहीच लागलं नाही, आणि मी डोळे मिटून वाट बघत राहिलो, आणि मला समजलं की त्या डागावर फिरवतायत. गुडघ्यामागची नस त्यांनी दाबून बघितली, कोपराचीही.

‘आहे,’ त्या म्हणाल्या. ‘एकच डाग. नसा चांगल्या आहेत. अगदी सुरुवात आहे. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. तुझ्यापासून दुसऱ्याला लागण्याची भीती जवळजवळ नाहीच. कामावर जा, पाय भाजू देऊ नको. बरा होशील.’

मी महारोग्यांच्या वस्तीचं सांगितलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. ‘वर्षात नाही रे दिसत हे सहसा. आत शिरल्यावर कित्येक वर्षं झोपून राहतं. तू तिकडे जायच्या आधीच कुठून तरी आलं असेल. शाळेतून, शेजारातून. कोण सांगणार?’

म्हणजे इतके दिवस ज्यासाठी मी देवाशी भांडत होतो त्याचा याच्याशी काही संबंधच नव्हता. त्या क्षणी मला त्याचं बरं वाटलं नाही. भांडणाची सवय झाली होती. गोळ्या मी सहा महिने घेतल्या, बहिणीचं लग्न मेमध्ये झालं, डागाचा रंग बराचसा परत आला, स्पर्श मात्र अजूनही पूर्ण नाही. पण तेव्हा त्या खोलीत मी एवढंच धरून बसलो होतो की ‘आहे’ असं त्या म्हणाल्या.

‘घरात कोण कोण?’ त्यांनी विचारलं.

‘आई. बहीण.’

‘दोघींना या आठवड्यात घेऊन ये. घरातल्या सगळ्यांना तपासावं लागतं. वडील आलेलेच आहेत, त्यांना आत्ताच बघते. बाबा, शर्ट काढा. इथं बसा.’

मी बोलायला तोंड उघडलं. फादरांनी माझ्याकडे बघून ‘नको’ अशी किंचित मान हलवली आणि शर्टाची बटणं काढायला लागले. शर्ट माझ्या हातात दिला. आत जाळीची बंडी होती, तीही काढली. पांढऱ्या केसांची छाती, पोटावर जुन्या ऑपरेशनचा वण. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी झग्याशिवायही नीट पाहिलं नव्हतं.

‘डोळे मिटा. लागेल तिथं बोट ठेवा.’

त्यांनी डोळे मिटले. कापूस खांद्यावर फिरला, त्यांनी खांद्यावर बोट ठेवलं. पाठीवर, दंडावर, पोटरीवर. दर वेळी बोट बरोबर पडत होतं आणि दर वेळी माझा श्वास मोकळा होत होता. मला माझ्यासाठी भीती वाटायची बंद झाली होती. मला त्यांच्यासाठी वाटत होती. चार दिवसांत रोग होत नाही, हे बाईंनी नुकतंच सांगितलं होतं, तरी वाटत होती.

बाई चेहऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या. ‘हे ओठांना काय झालंय? साल गेलंय सगळं.’

फादरांनी डोळे उघडले नाहीत. ‘जखमा धुवायचं औषध,’ ते म्हणाले. ‘बाटलीतलं, पाणी न घालता. गुरुवारी घरी गेल्यावर लावलं. तीनदा.’

‘का?’

‘याच्या पायाला ओठ लावले होते. घाबरलो.’

बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. बाप पोराच्या पायाला ओठ लावतो हे त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, त्यांनी विचारलं नाही. ‘त्यानं काही लागत नाही,’ म्हणाल्या, ‘आणि लागणार असतं तर औषधानं गेलंही नसतं. ओठांना खोबरेल लावा,’ आणि टेबलाकडे जाऊन लिहायला बसल्या.

फादरांनी तेव्हा डोळे उघडले. बाईंची पाठ आमच्याकडे होती. ‘रात्रभर लाज वाटली,’ ते हळू आवाजात मला म्हणाले. ‘लोकांपुढे टेकवले आणि घरी जाऊन घासून काढले. मला माफ कर रे.’

फादरांना माफ कसं करतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी बंडी त्यांच्या डोक्यातून घातली, मग शर्ट पुढे धरला, त्यांनी एकेक करून हात आत घातले. बटणं लावायला गेले तर काजं सापडत नव्हती. मी म्हटलं, ‘थांबा, फादर,’ आणि वाकून खालच्या बटणापासून लावायला सुरुवात केली. मलाही काजं लगेच सापडत नव्हती, म्हणून वेळ लागला.